अणूची पेटी: प्रकल्प नोंदी, बडोदा

१६ जून २०२५

काम असं: नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या वर्गांसाठी अणुरचनेची एक पेटी. एका बाकावर मांडता यावी, दोघांनी उचलता यावी, आणि काही तुटलं तर रावपुऱ्यात किंवा मकरपुरा जीआयडीसीत मिळणाऱ्या सामानावर दुरुस्त व्हावी. पहिली पेटी गणपतीच्या आधी वर्गात पोचायला हवी.

तत्त्व एकच धरलंय. अणूत बदलण्यासारखे आकडे तीनच. प्रोटॉनांचा आकडा बदलला की मूलद्रव्यच बदलतं, न्यूट्रॉनांचा बदलला की वजन, इलेक्ट्रॉनांचा बदलला की प्रभार. पेटीतल्या प्रत्येक प्रयोगात यातला एकच आकडा हलावा, बाकीचे दोन जागेवर राहावेत, आणि जो हलला तो काट्यावर, मल्टिमीटरवर किंवा फुटपट्टीवर वाचता यावा. नुसती वर्तुळं दाखवायची तर फळा पुरतो, पेटी कशाला.

१९ जून

प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी १० मिमी व्यासाचे स्टेनलेस स्टीलचे छर्रे, ३०४ प्रतीचे. एकाचं वजन ४.१५ ग्रॅम. काचेच्या गोट्या स्वस्त पडतात, पण एकाच पिशवीतल्या गोट्याही वजनाला सारख्या नसतात. जिथे एका न्यूट्रॉनचं वजन दाखवायचं तिथे त्या कामाच्या नाहीत. बेअरिंगचे क्रोम स्टीलचे छर्रे मापात चोख, पण पावसाळी हवेत त्यांच्यावर लवकरच गंजाचे ठिपके येतात. तेल लावून ठेवले तर मुलांचे हात आणि काट्याची ताटली, दोन्ही बरबटतात.

रंगाबाबत नेहमीची पद्धत मोडली. चित्रांत प्रोटॉन लाल असतो म्हणून प्रोटॉनच रंगवायचा मोह होतो. पण खरा न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्के जड असतो. ४.१५ ग्रॅमच्या छर्र्याला तो फरक जेमतेम ६ मिलिग्रॅम. एवढ्या छर्र्यावर स्प्रेचा एक पातळ हात वाळला की पाच-दहा मिलिग्रॅम वजन चढतंच. म्हणजे प्रोटॉन रंगवला तर तो न्यूट्रॉनपेक्षा जड होऊन बसणार. म्हणून रंग न्यूट्रॉनला: राखाडी स्प्रेचा एकच हात. प्रोटॉन उघडा, त्यावर मार्करचा लाल ठिपका. एकेका छर्र्यात हा फरक ०.०१ ग्रॅमच्या काट्याला धड कळत नाही. तीस-तीस तोलले की कळतो, आणि योग्य बाजूला कळतो.

स्टेनलेसवर रंग नीट धरत नाही. आधी छर्रे बारीक पॉलिश पेपरमध्ये घोळवून, थिनरनं पुसून, मगच स्प्रे. प्रायमर मारायचा नाही, त्याचा थर जाड बसतो. एका पेटीला ३० प्रोटॉन, ३६ न्यूट्रॉन.

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या १८३६ व्या भागाइतकं. ४.१५ ग्रॅमला १८३६ नी भागलं की २.२६ मिलिग्रॅम येतात. बारीक मोहरीचा दाणा एवढाच भरतो. किराण्याची मोहरी आणून चाळायची; चाळणीखाली पडलेल्यांतले १०० दाणे मोजून ०.२२ ते ०.२४ ग्रॅम भरले की तो वाण चालेल. आकाराचं प्रमाण मात्र यात पाळलेलं नाही, फक्त वजनाचं. झाकणाच्या आत तसं लिहून टाकलंय.

२३ जून

पाटी तयार झाली. ६ मिमी ॲक्रिलिक, मधोमध केंद्रकासाठी स्टीलची वाटी बसेल एवढं भोक, भोवती चार वर्तुळांवर (एक वर्तुळ म्हणजे इलेक्ट्रॉनांचं एक कवच) २.५ मिमीच्या ड्रिलनं १ मिमी खोल खळगे: २, ८, ८ आणि २. एकूण २०, म्हणजे कॅल्शियमपर्यंत भागतं. दाणे ओल्या दातकोरणीनं उचलायचे. पंखा बंद. पंखा चालू राहिला तर सगळी मूलद्रव्यं काही क्षणांत धन आयन होतात.

खळगे हे हिशेबाचे रकाने आहेत, इलेक्ट्रॉनांचे रस्ते नव्हेत. कोणत्या कवचात किती, एवढंच त्यांतून वाचायचं. दाणा वर्तुळावर फिरवून दाखवू नये, तो समज नंतर मोडायला फार जड जातो.

सोडियमची चाचणी: वाटीत ११ प्रोटॉन, १२ न्यूट्रॉन. छर्र्यांचं वजन ९५.५ ग्रॅमच्या आसपास (वाटी आधी शून्यावर आणायची). बाहेर ११ दाणे, २-८-१. आता पाटीसकट सगळं काट्यावर ठेवायचं आणि शेवटच्या कवचातला एकटा दाणा काढायचा. काटा हलत नाही. सोडियमचा आयन झाला, प्रभार अधिक १, वजन जिथल्या तिथे. दाणा परत ठेवून वाटीत एक न्यूट्रॉन टाकायचा. काटा चार ग्रॅमनी उडी मारतो, प्रभार मात्र तोच. आयन (इलेक्ट्रॉनांचा आकडा बदललेला अणू) आणि समस्थानिक (न्यूट्रॉनांचा आकडा बदललेला) यांतला गोंधळ परीक्षेच्या पेपरांत दरवर्षी दिसतो. या दोन कृती लागोपाठ केल्या की तो उरायला नको.

पाटीचं वजन धरून एकूण ५०० ग्रॅमच्या आत राहायला हवं, कारण स्वस्तातले ०.०१ ग्रॅमचे काटे त्यापुढे जात नाहीत. म्हणून पाटी १५ सेंमी चौरसच ठेवली. ती सुमारे १६० ग्रॅम भरते.

एक खबरदारी. न्यूट्रॉन टाकून जो सोडियम-२४ होतो तो टिकणारा नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा वेळ, सुमारे १५ तास, आणि ऱ्हास होऊन त्याचा मॅग्नेशियम-२४ होतो. निसर्गात सोडियमचा टिकाऊ समस्थानिक एकच, सोडियम-२३. छर्रे कितीही टाकले तरी वाटी तक्रार करत नाही, म्हणून कोणती जोडी टिकते याचं कार्ड सोबत हवंच: हायड्रोजन १ व २, कार्बन १२ व १३, ऑक्सिजन १६, १७ व १८, क्लोरीन ३५ व ३७. कार्बन-१४ टिकत नाही, म्हणून तो वेगळ्या रंगाच्या कार्डावर.

२४ जून

पेटी कुठे खोटं बोलते तेही लिहून ठेवलेलं बरं. कार्बन-१२ साठी १२ छर्रे ठेवले तर वजन बाराही छर्र्यांच्या बेरजेइतकंच येतं. खऱ्या कार्बन-१२ चं तसं नाही. ६ प्रोटॉन, ६ न्यूट्रॉन, ६ इलेक्ट्रॉन सुटे तोलले तर बेरीज १२.०९९ अणुवस्तुमान एकक, अणू म्हणून एकत्र आले की नेमके १२. सुमारे ०.८ टक्के वस्तुमान बंधनऊर्जा होऊन बाहेर गेलेलं असतं. पेटीच्या भाषेत: ४९.८ ग्रॅमच्या जागी काट्यानं ४९.४ दाखवायला हवेत. हा फरक इलेक्ट्रॉनच्या दाण्याच्या पावणेदोनशे पट आहे. दाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या पेटीनं हा दडवू नये, म्हणून कार्बनच्या कार्डामागे तो छापला. अकरावीचा कुणी हुशार विद्यार्थी विचारणारच.

३० जून

आकाराचं प्रमाण पेटीत मावत नाही, ते मैदानावर. हायड्रोजनच्या प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर, इलेक्ट्रॉनचं सर्वांत संभाव्य अंतर ५२.९ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे हजार फेम्टोमीटर). भागाकार सुमारे ६३,०००. २ मिमी व्यासाचा मणी (त्रिज्या १ मिमी) मध्ये ठेवला तर इलेक्ट्रॉन ६३ मीटरवर. ६५ मीटर सुतळी, दर १० मीटरला गाठ. शाळेच्या पटांगणात हा घेर बसत नाही. नवलखी मैदानावर बसतो. जागा नसेल तर एकाच दिशेला सुतळी ताणावी, वर्तुळाचा हट्ट नको.

मण्याच्या जागी पेटीतला १० मिमीचा छर्रा घेतला तर अंतर ३१५ मीटर होतं. हे कार्डावर ठळक लिहिलंय, नाहीतर छर्रा ठेवून ६३ मीटरच मोजले जातील.

४ जुलै

सरासरी अणुवस्तुमानासाठी पाच रुपयांची नाणी. जुनं जाड नाणं, ताम्र-निकेलचं: ९.०० ग्रॅम. २००७ पासूनचं स्टीलचं आणि त्यानंतरचं पितळी रंगाचं: ६.०० ग्रॅम. तिन्हींचा व्यास २३ मिमी, तिन्हींची किंमत पाचच रुपये. किंमत म्हणजे अणुअंक (प्रोटॉनांचा आकडा), वजन म्हणजे वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून). २०१९ पासूनचं नाणं २५ मिमीचं आहे, ते वगळायचं. जाड नाणी आता सुट्ट्यात क्वचितच येतात; घरोघरच्या डब्यांतून गोळा करावी लागतील.

क्लोरीनचा नमुना: ९ हलकी, ३ जड. एकूण ८१ ग्रॅम, सरासरी ६.७५. आता या ढिगातून ६.७५ ग्रॅमचं नाणं काढून दाखवा म्हणायचं. नाही सापडत, तसाच ३५.४५ वस्तुमानाचा क्लोरीनचा अणूही कुठे सापडत नाही. खऱ्या क्लोरीनमध्ये ७५.७६ टक्के क्लोरीन-३५ (वस्तुमान ३४.९६९) आणि २४.२४ टक्के क्लोरीन-३७ (३६.९६६). गुणाकार-बेरीज ३५.४५. आवर्तसारणीत छापलेला आकडा येतो तो असा.

याच्या पुढचा प्रयोग जास्त चांगला आहे. वजन माहीत असलेल्या बंद डब्यात २० नाणी, डबा न उघडता प्रमाण सांगायचं. नाण्यांचं वजन १३५ ग्रॅम भरलं तर सगळी हलकी धरून १२० आणि वरचे १५, म्हणजे जड नाणी ५, पंचवीस टक्के. डबा हलवून आवाजावरून ओळखायचा प्रयत्न होतो, त्यासाठी आत कापूस. झिजलेली नाणी ग्रॅमचा एक-दोन शंभरांश भाग कमी भरतात. वीस नाण्यांत ते अर्ध्या ग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, पण एक जड नाणं ३ ग्रॅमचा फरक पाडतं, त्यामुळे उत्तर बिघडत नाही.

७ जुलै

भिंतीवरच्या पट्टीचा मजकूर पक्का: १८९७ थॉमसन, इलेक्ट्रॉन. १९११ रदरफर्ड, केंद्रक. १९१३ मोझली, अणुअंक क्ष-किरणांनी मोजता आला; त्याच वर्षी सॉडीनं समस्थानिक ही कल्पना मांडली, आणि थॉमसनच्या धनकिरणांच्या नळीत निऑनच्या २० आणि २२ अशा दोन रेषा दिसल्या होत्या. १९३१ युरी, जड हायड्रोजन (हायड्रोजन-२). १९३२ चॅडविक, न्यूट्रॉन. पट्टी मोजमापाप्रमाणेच आखायची, एक वर्ष म्हणजे २ सेंमी. समस्थानिक आणि न्यूट्रॉन यांच्यामध्ये ३८ सेंमी अंतर पडतं, त्यात युरीची खूण सोडली तर सगळी जागा कोरी. समस्थानिक आहेत हे ठाऊक, ते का आहेत हे ठाऊक नाही, असा तो काळ. ती जागा चित्रांनी भरायची नाही.

१५ जुलै

आयन डोळ्यांनी हलताना दाखवायचे. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी (७.५ सेंमी), तिच्या मापाचा गाळण कागद, दोन्ही टोकांना मगर चिमटे, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १८ व्होल्ट. कागद नळाच्या पाण्यानं ओला करायचा; ऊर्ध्वपातित पाणी चालत नाही, त्यात वीज वाहून न्यायला आयन जवळजवळ नसतातच. मधोमध पेन्सिलची रेघ आणि तिच्यावर पोटॅशियम परमँगनेटचा खसखशीहून लहान एक कण.

हिशेबानं परमँगनेट आयन मोकळ्या पाण्यात, एवढ्या विद्युत क्षेत्रात, मिनिटाला ०.९ मिमी सरकतो. कागदाच्या तंतूंतून वाट काढताना त्याहून कमी. दहा मिनिटांत जांभळा ओघळ धनाग्राकडे, म्हणजे बॅटरीच्या अधिक टोकाकडे, स्पष्ट लांबलेला दिसतो, दुसऱ्या बाजूला रेघेपाशीच थांबतो. बॅटरीची टोकं उलटी केली की ओघळही मागे फिरतो. तेवढं केल्याशिवाय प्रयोग पुरा धरू नये. पोटॅशियमचे आयनही तेवढ्याच संख्येनं उलट दिशेला निघालेले असतात, पण ते बिनरंगी. हे सांगितलं नाही तर मुलांच्या डोक्यात फक्त ऋण आयनच चालतात.

बिघाड कुठे होतो:

कागद फार ओला असला की रंग वीज नसतानाही चहूकडे पसरतो. ओला करून टीपकागदावर एकदा दाबावा.

कण मोठा असला की ओघळ नव्हे, डाग पडतो.

जांभळ्याचा तपकिरी होतो. कागदातला सेल्युलोज परमँगनेटचं क्षपण करतो (त्याला इलेक्ट्रॉन देतो), मँगनीज डायऑक्साइड उरतो आणि तो हलत नाही. पंधरा मिनिटांच्या आत वाचन घ्यावं.

चिमट्याचं लोखंड धनाग्रापाशी विरघळून पिवळट डाग येतो. मुलं त्याला प्रयोगाचा भाग समजतात. चिमटा आणि कागद यांच्यामध्ये पेन्सिलच्या शिशाचा तुकडा घालावा.

२२ जुलै

आज इलेक्ट्रॉन मोजायची मांडणी. पेटीतला हा भाग सर्वांत समाधानाचा.

जुन्या मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर, केबल कापून लाल-काळी तार बाहेर. २२ ओहमचा १ वॉटचा रोधक. मल्टिमीटर मिलिअँपियरवर, मालिकेत. २०० मिली पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा. दोन स्टेनलेस तारा, इंग्रजी जे सारख्या वाकवलेल्या, त्यांवर दोन उपड्या १० मिली सिरिंजा. नळीचं तोंड एम-सीलनं बंद, आत आधी द्रावण काठोकाठ. तारा किती बुडवायच्या ते कमीजास्त करून प्रवाह ०.१ अँपियरवर आणायचा.

दहा मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद, गुणिले ०.१: ६० कूलोम. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२ भागिले १० चा १९ वा घात. भागाकार करा: ३७५ वर १८ शून्यं, एवढे इलेक्ट्रॉन तारेतून गेले. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन लागतात. ३० अंश तापमानाला कोरडा हायड्रोजन ७.७ मिली यायला हवा. सिरिंजमध्ये पाण्याची वाफही असते, ती धरून ८ मिली. ऑक्सिजनच्या बाजूला साधारण निम्मा. वाचन ८ च्या जवळ आलं की मुलांनी न दिसणारी वस्तू घड्याळ आणि मल्टिमीटरवर मोजलेली असते.

वाचन कमी येतं तेव्हा दोष बहुतेक वेळा एकाच जागी असतो: तारेचा सिरिंजबाहेरचा भाग उघडा राहतो आणि बुडबुडे तिथून निसटतात. वाकापर्यंत उष्णतेनं आक्रसणारी नळी चढवावी. दुसरं कारण, तारेला चिकटलेले बुडबुडे, वाचनाआधी टिचकी. प्रवाह दहा मिनिटं स्थिर राहत नाही, दर मिनिटाला टिपून सरासरी घ्यावी. वायू जमा करताना आसपास काडी पेटवायची नाही.

मिठाचं पाणी इथे वापरायचं नाही. स्टेनलेसचं धनाग्र मिठात विरघळतं, लोखंडाबरोबर क्रोमियमही पाण्यात उतरतं, हिरवट-तपकिरी गाळ होतो. तो हाताळायला आणि मोरीत ओतायला दोन्हीला वाईट. मिठासाठी वेगळी यू नळी आणि कार्बनच्या कांड्या. जुन्या झिंक-कार्बन सेलमधल्या कांड्या पेन्सिलच्या शिशापेक्षा टिकतात. अल्कलाइन सेलमध्ये कांडी नसते, ते फोडू नयेत.

२०० मिलीत २० ग्रॅम मीठ, फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) चार थेंब, दोन मिनिटं, खिडकी उघडी. ऋणाग्रापाशी गुलाबी, धनाग्रापाशी क्लोरीनचा वास. वास आला की बंद, सखोल हुंगणं नाही. खडे मीठ घेतलं तर ऋणाग्राभोवती पांढरट ढग येतो: समुद्री मिठातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. यू नळीत दोन्ही बाजू मिसळल्या की क्लोरीन आणि अल्कली मिळून हायपोक्लोराइट होतं आणि गुलाबी रंग उडतो. म्हणून वाकात कापसाचा बोळा. बडोद्याजवळ रणोलीला कॉस्टिक सोडा होतो तो याच विक्रियेनं. अशा कारखान्यांत बोळ्याच्या जागी सोडियम आयनांना वाट देणारा आणि क्लोराइडला अडवणारा पडदा असतो, आणि मिठाच्या पाण्यातलं मॅग्नेशियम-कॅल्शियम आधीच काढून टाकतात, नाहीतर तोच पांढरा गाळ पडद्यात बसतो.

२९ जुलै

निऑनचा दिवा: लाइन टेस्टरमधला छोटा बल्ब काढून त्याच्या दोन तारा गॅस लायटरच्या ठिणगीच्या वाटेत धरल्या की नारिंगी चमक येते. इलेक्ट्रॉन अणूवर आदळून काही अणूंचे आयन करतात, बाकीचे उत्तेजित अणू प्रकाश टाकून शांत होतात. घरच्या विजेवर हा प्रयोग मांडायचा नाही. पेटीत बल्ब आणि लायटर ठेवला, बाकी काही नाही.

५ ऑगस्ट

जड पाण्याचा बर्फ. ९९.९ टक्के शुद्धतेचं जड पाणी रसायनांच्या पुरवठादारांकडे छोट्या बाटलीत मिळतं. प्रत्येक प्रयोगाला २ मिली खर्च होतात, परत मिळत नाहीत.

साध्या बर्फाची घनता ०.९१७. जड पाण्याचा रेणू जागा जवळपास तेवढीच घेतो, पण त्याचं वस्तुमान १८ च्या जागी २०. ०.९१७ ला २० नं गुणून १८ नं भागा: १.०१९. प्रत्यक्षात १.०१८ च्या आसपास. पाण्याच्या १.००० पेक्षा जास्त, म्हणून हा बर्फ बुडतो. प्रोटॉन तेच, इलेक्ट्रॉन तेच, हायड्रोजनच्या प्रत्येक अणूत एक न्यूट्रॉन जास्त, एवढ्यावर.

पण गाठ दोन टक्क्यांशी आहे. बर्फात दोन टक्के जागा हवेच्या बुडबुड्यांनी घेतली तर तो तरंगतो आणि सगळा प्रयोग उलटा पडतो. उकळून हवा काढायची नाही. उघड्यावर जड पाणी हवेतल्या बाष्पाशी हायड्रोजनची अदलाबदल करतं, आणि ऑगस्टमध्ये बडोद्याच्या हवेत बाष्पाला तोटा नाही. उपाय सिरिंजचा: ५ मिलीच्या सिरिंजमध्ये २ मिली ओढायचं, तोंड बोटानं बंद करून दट्ट्या मागे खेचून धरायचा, बुडबुडे सुटले की हवा बाहेर ढकलायची. तीन-चारदा. मग सिरिंज तशीच, टोपी लावून, टॉवेलात गुंडाळून फ्रीझरमध्ये, म्हणजे गोठण सावकाश होते.

ग्लासातलं पाणी आधी बर्फ घालून शून्य ते दोन अंशांवर आणायचं. जड पाणी ३.८ अंशांना गोठतं. पाणी त्याहून थंड असेल तर तुकडा तळाशी बराच वेळ टिकतो, कडा हळूहळू झिजतात तेवढ्याच. साध्या पाण्याचा तुकडा खाण्याच्या रंगानं निळा करून शेजारी सोडावा. एक वर, एक तळाला. ग्लासात थोडं मीठ विरघळवलं (पाण्याच्या तीन टक्के) की तळाचा तुकडाही उचलला जातो. कुणाला शंका आली की तुकड्यात काही खडा घातलाय, तर तिला हे उत्तर.

८ ऑगस्ट

जड पाण्याच्या कार्डाच्या मजकुरावरून बराच खल झाला. समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे असतात, असं सरसकट छापायचं नाही. जवळजवळ सारखे असतात. हा शब्द गाळला तर बडोद्याचा जड पाण्याचा कारखाना समजावून सांगता येत नाही.

फर्टिलायझरनगरच्या खत कारखान्याला जोडून १९७७ मध्ये तो चालू झाला. खतासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन, आणि त्या हायड्रोजनमध्ये ड्यूटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, थोडा अंश असतोच. निसर्गात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक. वायू द्रवरूप अमोनियातून जाऊ दिला की ड्यूटेरियम वायूत राहण्यापेक्षा अमोनियात जाणं थोडं जास्त पसंत करतं. जितकं थंड, तितकी ही पसंती वाढते. पण थंडीत अदलाबदल फार मंद होते, म्हणून अमोनियात पोटॅशियम अमाइड विरघळवलेलं असतं, उत्प्रेरक म्हणून. पाण्याचा किंवा ऑक्सिजनचा अंश आत शिरला की ते निकामी होतं, म्हणून वायू आधी कमालीचा शुद्ध करावा लागतो. एका टप्प्यात लाभ थोडा, म्हणून टप्प्यामागून टप्पे.

कार्डावर एक गणितही घेतलं: पाण्यातलं सगळं ड्यूटेरियम अगदी शंभर टक्के वेचलं, तरी १ किलो जड पाण्यासाठी किती साधं पाणी लागेल? ६,४०० गुणिले १८ भागिले २०: ५,७६० किलो. प्रत्यक्षात यापेक्षा पुष्कळ जास्त, कारण सगळं कधीच वेचता येत नाही.

इतका फरक हायड्रोजनमध्येच का? एका न्यूट्रॉननं त्याचं वस्तुमान दुप्पट होतं. क्लोरीन-३५ चं ३७ होताना वाढ सहा टक्क्यांच्या आतच. केंद्रक जड होत गेलं की जवळजवळ हा शब्दही पुसट होत जातो, आणि युरेनियम-२३५ व २३८ वेगळे करायला रसायनशास्त्रापेक्षा भौतिकीच जास्त कामी येते.

१४ ऑगस्ट

मेघकक्ष, म्हणजे न दिसणाऱ्या कणांचे माग थेंबांच्या रेघांनी दाखवणारी टाकी. पेटीत नाही, वर्षातून एकदा मांडायचा. काचेची मासे ठेवण्याची टाकी (३० × २० सेंमी) उपडी, तळाच्या आतून फेल्टची पट्टी, तिला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ३० मिली. खाली ३ मिमी ॲल्युमिनियमचा काळा पत्रा, पत्र्याखाली कोरडा बर्फ ३ किलो. सॅनिटायझरमधलं सत्तर टक्क्यांचं चालत नाही, पाणी गोठून नुसतं धुकं होतं. कडेला फट राहिली की आत वारा फिरतो आणि माग पुसले जातात. ओल्या मातीचा गोळा किंवा फोमची पट्टी दाबावी. पंधरा मिनिटांनी, दिवे मालवून, आडवा टॉर्च.

किरणोत्सारी स्रोत ठेवायचा नाही. वैश्विक किरणांतले म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक येतात, म्हणजे या पत्र्यावर सेकंदाला दहा. तेवढे दिसत नाहीत, कारण माग उमटण्याजोगा थर पत्र्यालगत जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा. वरून सरळ आलेला म्यूऑन त्यात छोटा ठिपका टाकून जातो, तिरका आलेलाच लांब रेघ सोडतो. दिसते ती रेघ कणाची नसते. कणानं वाटेत हवेच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन उडवून जे आयन मागे ठेवले, त्यांच्यावर जमलेल्या अल्कोहोलच्या थेंबांची ती असते.

कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा: चामडी हातमोजे, खोलीची दारं उघडी, बंद डब्यात कधी नाही. अल्कोहोलजवळ ज्योत नाही.

२१ ऑगस्ट

पेटी बंद करण्यापूर्वीची तपासणी. छर्रे ३० आणि ३६, वजन करून मोजावेत, हातानं मोजण्यापेक्षा लवकर होतं: प्रोटॉन १२४.५ ग्रॅम, न्यूट्रॉन १४९.४ आणि वर रंगाचे दोन-तीन दशांश. मोहरी काचेच्या कुपीत, दर पावसाळ्यानंतर नवी. ओलीनं दाणा जड होतो आणि हिशेब सुटतो. बॅटऱ्या सुट्या, टोकांना चिकटपट्टी, कारण नाण्यांच्या डब्याशेजारी त्या उघड्या राहिल्या तर नाण्यांवरून टोकं जुळून तापतात. परमँगनेट आणि अल्कोहोल एका कप्प्यात नाही.

जड पाण्याची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. ३.८ अंशांखाली ते गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि काच तडकते. कपाटात, बूच घट्ट, सिलिका जेलच्या पुडीसह. बाटलीवर शेवटच्या वापराची तारीख आणि उरलेले मिलिलिटर.